भिंतीवरचा कागद

या अंकासाठी मी आधी बेळगावच्या पावसावर लेख लिहून दिला होता. तो बाईंनी स्वीकारलाही होता. मग एका दुपारी मी स्टाफरूममध्ये जाऊन तो परत मागितला आणि त्याऐवजी हा दिला. बाईंनी चष्मा कपाळावर चढवून पहिले पान वाचले, दुसरे वाचले, आणि म्हणाल्या, "हे आपल्या अंकात जाईल का गं?" मी म्हटले, "बाई, दोन वर्षांपूर्वी माझा याच विषयावरचा निबंध कॉलेजच्या भिंतीपत्रकात लागला होता. त्यात एक चूक आहे. ती दुरुस्त करायची आहे." यावर त्या काही बोलल्या नाहीत. लेख मात्र ठेवून घेतला.

तो निबंध होता 'स्त्रीभ्रूणहत्या : एक कलंक' या विषयावर. असल्या स्पर्धा आपल्याकडे दर वर्षी होतात. कधी निबंध, कधी रांगोळी, कधी घोषवाक्य. मला दुसरे बक्षीस मिळाले आणि प्रशस्तिपत्र घरी सोप्यात देवाच्या तसबिरीशेजारी लागले. त्या निबंधात मी ठासून लिहिले होते की, गर्भपात हा आपल्या देशात गुन्हा आहे. परीक्षकांनी शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या, पण त्या वाक्याखाली कुणीही लाल रेघ मारली नाही. हे वाक्य किती महाग पडू शकते ते मला कळले अक्का माझ्या खोलीवर आली तेव्हा.

अक्का म्हणजे माझी थोरली मावसबहीण. खानापूर तालुक्यात जंगलाच्या बाजूला तिचे सासर. नवरा गोव्यात हॉटेलात कामाला, महिन्या-दीड महिन्याने येतो. पदरात दोन मुले, धाकटे दहा महिन्यांचे. ते सिझेरियनचे. सासूला "दाढ दुखते, बेळगावला दाखवून येते" असे सांगून ती शुक्रवारच्या दुपारच्या बसने आली, मूल काखेत घेऊन. चहा झाल्यावर तिने रुमालाची गाठ सोडून गोळ्यांचे एक पाकीट माझ्यापुढे ठेवले. म्हणाली, "हे कसं खायचं ते वाचून सांग. इंग्लिश आहे."

तिला दिवस गेले होते. अंगावर पाजत असले की काही होत नाही, अशी तिची समजूत. (ही समजूत अगदीच खोटी नाही. पण मूल सहा महिन्यांच्या आत असेल, दुसरे काहीच खात नसेल आणि पाळी सुरू झालेली नसेल, या तिन्ही गोष्टी असतील तरच ती खरी. अक्काचे पोर भाकरी कुस्करून खात होते आणि तिची पाळी दोनदा येऊन गेली होती.) गोळ्या शेजारणीच्या दिराने कुठल्याशा मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणून दिल्या होत्या.

मी विचारले, "दवाखान्यात का नाही गेलीस?" तर ती माझ्याकडे असे पाहू लागली की जणू मीच अडाणी. "पोलीस केस होते की गं. तूच लिहिलीस ना? आईकडे भिंतीला लावलंय."

वाचकहो, तेव्हा मी काय उत्तर द्यावे? मला तरी ते कुठे माहीत होते! मी गोळ्या तेवढ्या काढून घेतल्या, कारण त्या खाण्याची भीती मला अधिक वाटली. पण त्यापुढे मीही तेच केले जे तिने केले असते. अगदी हळू आवाजात, एकदोघींना, नाव न सांगता विचारले. आणि हळू आवाजात विचारले की पत्ताही तसलाच मिळतो.

शनिवारी सकाळी आम्ही त्या पत्त्यावर गेलो. बोळ, बोळात जिना, जिन्यावर पाटी. पाटीवरची नावापुढची अक्षरे आयुर्वेदाच्या पदवीची होती. तापखोकल्याला तो माणूस चांगला असेलही, बाहेर बाकावर बरीच माणसे बसली होती. आम्हांला त्याने मागच्या दाराने आत घेतले. तपासले नाही. महिना किती विचारला, अक्काने "सव्वा महिना" सांगितला, तो म्हणाला सोपे आहे. सोनोग्राफी लागत नाही, रक्त तपासावे लागत नाही, अर्ध्या तासात पिशवी साफ. पाच हजार, अर्धे आत्ताच. नवऱ्याची सही असेल तर बरे, नसेल तर "बघून घेऊ", म्हणजे आणखी पैसे. मी कसेबसे विचारले, काही चिठ्ठी, पावती? तो हसला. "कागद कशाला? कागद केला की बातमी गावभर. मी हे तुमच्याच भल्यासाठी म्हणतो."

खरे सांगते, मला ते पटले. मला तिथून लवकर निघायचे होते. ओळखीचे कुणी दिसायच्या आत सगळे उरकून जावे एवढेच माझ्या मनात होते, आणि मी पर्सची चेन उघडलीही होती. अक्का मात्र बसल्या जागेवरून म्हणाली, "डॉक्टर, रात्री रक्त थांबलं नाही तर कुठं यायचं?"

तो म्हणाला, "काही होत नाही."

"होत नाही ते चांगलंच. झालं तर?"

तो परत म्हणाला, काही होत नाही. अक्का उठली, पोराला काखेत घेतले आणि जिना उतरायला लागली. सातवी शिकलेली माझी बहीण! मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला, आणि पर्सची चेन लावायला विसरून तिच्या मागून धावते आहे.

त्या संध्याकाळी मी शेवटी कन्नड विभागातल्या माझ्या मैत्रिणीला सगळे सांगितले, कारण तिची आई तीस वर्षे नर्स होती. (याच अंकात पुढे कन्नड पानांत तिचा चहाच्या टपरीवरचा लेख आहे, तो ज्यांना वाचता येतो त्यांनी जरूर वाचावा.) काकूंनी आम्हांला जेवायला बसवले आणि वाढता वाढता आपल्या कन्नड वळणाच्या मराठीत अक्काला विचारले, "शेवटची पाळी कधी सुरू झाली? चुकलेली नव्हे, आलेली. तिचा पहिला दिवस सांगा." अक्काने नागपंचमीपासून बोटे मोजली. सव्वा महिना नव्हे, आठ आठवडे होऊन गेले होते. काकू म्हणाल्या, बायका चुकलेल्या तारखेपासून मोजतात आणि दवाखाना आलेल्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो, आणि या एका महिन्याच्या फरकात घोटाळे होतात. गोळ्यांनी करायचे तर आपल्याकडे नऊ आठवड्यांपर्यंतच. आणि गर्भ पिशवीत नसून नळीत राहिला असेल तर या गोळ्यांचा काही उपयोग नसतो. नळी फुटली तर जीव जाऊ शकतो. हे न तपासता कळत नाही. रुमालातले ते पाकीट मला एकदम आठवले.

पोलिसांची गोष्ट निघाली तेव्हा काकू ताट पुसत हसल्या. "कायदा माझ्या नोकरीच्याही आधीचा आहे," म्हणाल्या. मी नंतर आमच्या ग्रंथालयात बसून ते सगळे वाचून काढले. गर्भपात करणे हा गुन्हा, हे 1860 सालच्या दंडसंहितेत होते, आणि 1 जुलै 2024 पासून आलेल्या नव्या न्याय संहितेतही ते आहे. म्हणजे माझे वाक्य हवेतून आलेले नव्हते. परंतु डॉक्टरांनी सद्भावनेने, कायद्याच्या अटी पाळून केलेला गर्भपात हा गुन्हा नाही, असे सांगणारा कायदा 1971 मध्ये झाला आणि 1 एप्रिल 1972 पासून अमलात आला. त्याची शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष महाराष्ट्राचे त्या वेळचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह होते. समिती 1964 मध्ये नेमली गेली, अहवाल 1966 मध्ये आला. जीव जात होते ते लपूनछपून केलेल्या उपायांनी, आणि ते थांबवणे हाच त्यामागचा मोठा हेतू होता.

मग भिंतींवर रंगवलेले ते काय असते? तो कायदा निराळा, 1994 चा. गर्भ मुलगा की मुलगी हे तपासण्यास आणि सांगण्यास तो बंदी करतो. सोनोग्राफीच्या दारावर कन्नडमध्ये आणि इंग्रजीत पाटी असते ती त्याचीच. बंदी लिंगनिदानावर आहे, त्यानंतर मुलगी म्हणून गर्भ पाडण्यावर आहे. आम्ही निबंध लिहिणाऱ्यांनी दोन्ही कायदे एकाच सुईत ओवले. रांगोळीत काढायला सोपे गेले असेल; पण खानापूरच्या जंगलातल्या बाईने त्यातून एवढेच घेतले की मोठ्या दवाखान्यात गेले की बेड्या पडतात, म्हणून बोळातला जिना बरा.

डॉक्टर कसा पाहावा यावर काकूंचे म्हणणे थोडक्यात असे. सरकारी दवाखान्यात ही सोय असेल तर तो धरावा, त्याला निराळी परवानगी लागत नाही. खाजगी असेल तर जिल्ह्याच्या समितीचे मान्यतापत्र त्याच्याकडे असले पाहिजे आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सहज दिसेल असे लावलेले असले पाहिजे, हा नियमच आहे. त्यावर किती आठवड्यांपर्यंतची परवानगी आहे तेही असते. "गल्ला मोजायच्या जागी बघू नका, भिंतीवर बघा." करणारा डॉक्टर ॲलोपॅथीचा, आणि त्यातही स्त्रीरोगाचे किंवा या कामाचे ठरवून दिलेले शिक्षण घेतलेला असावा लागतो, आयुर्वेद, होमिओपॅथी इथे चालत नाही. पद्धत कोणती तेही विचारावे. जुन्या तऱ्हेने खरवडून काढण्यापेक्षा पोकळीने ओढून घेणे सुरक्षित, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते, तरी काही ठिकाणी हात जुन्याच सवयीवर जातो. नवऱ्याची सही मागितली तर समजावे की या माणसाला एकतर कायदा माहीत नाही, नाहीतर आपल्याला माहीत नाही असे तो धरून चालला आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या शहाण्या बाईची स्वतःची संमती पुरते. आणि शेवटी, रात्रीचे विचारावे. इथे अक्काने माझ्याकडे पाहिले.

सोमवारी आम्ही आधी एका सरकारी दवाखान्यात गेलो. हे काम करणाऱ्या डॉक्टरबाई गुरुवारपर्यंत रजेवर होत्या. दाढेचे निमित्त गुरुवारपर्यंत पुरणारे नव्हते. तेव्हा काकूंनी सांगितलेल्या दुसऱ्या, खाजगी दवाखान्यात गेलो. आत शिरल्यावर मी बाकावर बसण्याआधी भिंती पाहू लागले. कॅलेंडर, गणपती, लसीकरणाचा तक्ता, आणि खिडकीजवळ काचेच्या चौकटीत तो कागद. सही, शिक्का, दवाखान्याचे नाव, मालकाचे नाव, आठवडे. माझ्या प्रशस्तिपत्राहून आकाराने लहानच.

तपासणीत गर्भ पिशवीतच आहे हे कळले. आठ आठवडे आणि पाच दिवस. रक्त आठ पॉइंट चार. डॉक्टरबाईंनी अक्काला समोर बसवून विचारले, राहता कुठे, दवाखाना किती लांब, घरी कोण असते. मग म्हणाल्या, गोळ्यांचा मार्ग चांगला आहे, पण त्यात पहिली गोळी घेतल्यावर एक-दोन दिवसांनी दुसऱ्या गोळ्या, मग घरीच रक्तस्राव, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी. रक्त कमी, मुदत संपत आलेली, सिझेरियन झालेले, आणि तुमच्या गावाहून रात्री वाहन नाही. तुम्ही ठरवा. अक्काने पोकळीची पद्धत निवडली. हे "तुम्ही ठरवा" तिला लग्न ठरतानाही कुणी म्हटले नव्हते, असे ती नंतर मला बसमध्ये म्हणाली.

संमतीचा छापील कागद कन्नडमध्ये होता. अक्काला कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. मला दोन्ही धड नाही. इतकी वर्षे या गावात राहून अक्षरओळखीपुढे मी गेले नाही. पाट्यांवरून आपल्याकडे केवढी भांडणे होतात, पण त्या क्षणी तो कागद कोणत्या भाषेत असावा याहून तो वाचून कोण दाखवील हाच प्रश्न होता. माझी मैत्रीण सोबत आली होती. तिने एकेक ओळ बोट ठेवून मराठीत सांगितली. नाव, वय, पत्ता, माझ्या इच्छेने मी संमती देते. अक्काने तीनदा विचारले, "आणि दुसरं काही लिहिलेलं नाही ना?" मग सही केली, पूर्ण नावाची, हळूहळू.

आणि मग मी असे काही पाहिले की बोळातला तो माणूस आठवून मला हसू आले. संमतीचा कागद आणि डॉक्टरांचे लेखी मत एका पाकिटात घालून पाकीट बंद केले गेले. वर नाव नाही, फक्त क्रमांक आणि तारीख, आणि 'गुप्त' असा शेरा. दवाखान्याच्या बाकीच्या कागदांवर तिचे नाव न घालता तो क्रमांकच येतो. मुख्य नोंदवहीदेखील गुप्त दस्तऐवज मानली जाते. 2021 च्या दुरुस्तीनंतर तर जो डॉक्टर रुग्णाचे नाव कायद्याने अधिकार नसलेल्या माणसाला सांगेल त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणजे बातमी गावभर होऊ नये याची व्यवस्था कागदातच होती! 1863 साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा विधवांनी गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत व्हावे असे त्यांनी गावात उघड जाहीर केले होते. गुपित बाईचे, पत्ता मात्र सर्वांना ठाऊक. आपण नेमके उलटे करून बसलो आहोत.

प्रत्यक्ष काम दहा-पंधरा मिनिटांचे होते. पोराला घेऊन मी बाहेर फेऱ्या मारत होते. ते रडले, मी त्याला केळे दिले, ते त्याने माझ्या ओढणीला पुसले. तीनचार तासांनी अक्का चालत बाहेर आली. एक आया तिला चादर देताना पुटपुटली, "नको होतं तर आधी सांभाळायला काय झालं होतं." अक्काने ऐकून न ऐकल्यासारखे केले. चांगल्या दवाखान्यातही असे ऐकावे लागते, हे लपवण्यात अर्थ नाही. कार्डाच्या मागे डॉक्टरबाईंनी लिहून दिले होते, लागोपाठ दोन तास तासाला दोन पॅड पूर्ण भिजले, ताप आला, घाण वास आला तर लगेच यावे. आणि खाली रात्रीचा फोन नंबर. खर्च बोळातल्या आकड्याहून अधिक झाला. माझ्या शिष्यवृत्तीतले थोडे गेले. पावती मात्र अक्काने मागून घेतली.

आता आपल्या वर्गांविषयी. हे सगळे लग्न झालेल्या बाईचे झाले, तिच्याविषयी लोकांना निदान कीव येते. आपल्यातल्या कुणावर ही वेळ आली तर कीवही येणार नाही. म्हणून एवढे लिहून ठेवते. पूर्वीच्या कायद्यात साधन फसल्याचे कारण विवाहित स्त्री आणि तिचा पती यांच्यापुरते होते. 2021 मध्ये तिथे 'स्त्री किंवा तिचा साथीदार' असे शब्द आले. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत लागते. नुसते 'मला नको' एवढे पुरत नाही, पण साधन फसल्याने राहिलेल्या गर्भाचा त्रास मनाच्या आरोग्याला गंभीर इजा करणारा मानला जातो. वीस ते चोवीस आठवड्यांत काही ठरावीक परिस्थितींतच आणि दोन डॉक्टरांच्या मताने. त्यात अविवाहित मुलींना वगळता येणार नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 रोजी दिला. अठराच्या आतल्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते, आणि डॉक्टरांना पोलिसांना कळवावे लागते. मात्र मुलीने व पालकाने विनंती केल्यास त्यात तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, हेही त्याच निकालात आहे. हे माहीत असूनही एखादा दवाखाना "लग्न झालंय का" विचारून परत पाठवतो. मग दुसरा पाहावा, लवकर पाहावा, पण जिना चढू नये.

हा लेख छापायला देण्याआधी मी अक्काला वाचून दाखवला. ती आली होती पंधरा दिवसांनी पुन्हा तपासायला, या खेपेस "दाढ भरायला". गाव आणि नाव घातलेले नाही याची तिने खात्री करून घेतली. मग दोन चुका काढल्या. मी रक्त साडेआठ लिहिले होते, ते आठ पॉइंट चार होते. आणि ती आली ती सकाळच्या बसने नव्हे, दुपारच्या. दोन्ही दुरुस्त केल्या आहेत.